जुनी हार्ले आणि माझी हिशेबाची वही

हौसेला मोल नसते असे म्हणतात. पण हौसेची वस्तू जुनी असेल तर तिचे मोल दोनदा चुकवावे लागते. एकदा विकणाऱ्याला आणि दुसऱ्यांदा ती वस्तू वापरण्याजोगी करताना. हे दुसरे मोल किती आणि ते आधी कशावर खर्च करायचे, हे ज्यांना वेळीच उमजते त्यांची हौस टिकते. बाकीच्यांची वस्तू जिन्याखाली धूळ खात पडते आणि घरात तिच्यावरून खटके उडत राहतात.

आमच्या नाशिकच्या घरी २०२४च्या दिवाळीनंतर अशी एक वस्तू आली. माझ्या पतींनी वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि पुण्याच्या एका गृहस्थांकडून हार्ले डेव्हिडसन कंपनीची जुनी मोटरसायकल विकत घेतली. मॉडेल स्पोर्टस्टर आयर्न ८८३, साल २०१३, किंमत सव्वाचार लाख रुपये. कॉलेजात असताना त्यांच्याकडे येझदी होती. लग्नानंतर स्कूटर आली, मुलीच्या जन्मानंतर मोटारगाडी आली आणि येझदी भंगारात गेली. त्यानंतर पंचवीस वर्षे त्यांनी मोटरसायकलचे नाव काढले नव्हते.

‘‘अगं, आयुष्यात एकदाच मागतोय,’’ ते म्हणाले.

‘‘मागा ना. पण माझ्या तीन अटी आहेत,’’ मी म्हटले.

पहिली अट, मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेल्या पैशाला हात लावायचा नाही. दुसरी, गाडीच्या किमतीशिवाय आणखी एक लाख रुपये बाजूला काढल्याखेरीज सौदा करायचा नाही. तिसरी, या लाखातला प्रत्येक रुपया माझ्या वहीत लिहायचा आणि कोणता खर्च आधी, कोणता नंतर हे दोघांनी मिळून ठरवायचे. त्यांना वाटले, मी पैशांसाठी अडून बसले आहे. खरे कारण वेगळे होते.

माझा धाकटा भाऊ १९९६च्या पावसाळ्यात स्कूटर घसरून गेला. तेवीस वर्षांचा होता. त्याच्या स्कूटरचे मागचे टायर गुळगुळीत झाले होते आणि पगार झाला की बदलायचे, असे त्याने घरी सांगितले होते. त्या टायरला तेव्हा काही शे रुपये पडत. तेव्हापासून कोणत्याही दुचाकीकडे पाहताना माझी नजर आधी तिच्या टायरकडे जाते. इतरांना टाकीचा रंग दिसतो, मला टायर दिसते.

कमी चालली म्हणजे चांगली राहिली असे नाही

गाडी पाहायला आम्ही दोघे गेलो होतो. मालक अभिमानाने म्हणाले, ‘‘फक्त अकरा हजार किलोमीटर चालली आहे.’’ ऐकायला छान वाटते. पण अकरा वर्षांत अकरा हजार म्हणजे गाडी बहुतेक काळ उभीच होती आणि उभी राहिलेली गाडीही म्हातारी होतेच. रबर कडक होते, बॅटरी उतरते, टाकीतले पेट्रोल शिळे होते आणि ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषून घेते.

टायरची नक्षी जवळजवळ नवी होती. मी वाकून टायरच्या बाजूचे आकडे वाचले. प्रत्येक टायरवर चार आकड्यांची एक खूण असते. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तिथे लिहिले होते १११३, म्हणजे २०१३ सालचा अकरावा आठवडा. नक्षी शाबूत होती, पण रबर अकरा वर्षांचे होते आणि नखाने दाबले तर बारीक भेगा दिसत होत्या. असे टायर कोरड्या रस्त्यावर फसवत नाही, ते पहिल्या पावसात फसवते. मालकांनाही ही खूण ठाऊक नव्हती. त्यांनी किंमत थोडी कमी केली.

कागदपत्रांच्या बाबतीतही तेवढीच काळजी घ्यावी. इंजिन व चासीचा नंबर आरसीवरच्या नंबरशी स्वतः ताडून पाहावा. गाडी कर्जावर घेतलेली असेल तर फॉर्म ३५ भरून बँकेचा बोजा उतरला आहे की नाही ते बघावे. फॉर्म २९ व ३० वर सह्या झाल्यावर आरसी आपल्या नावावर होईपर्यंत पाठपुरावा सोडू नये. विमा नावावर करून घेण्यासाठी १४ दिवसांची मुदत असते. आधीच्या मालकाला मिळणारी नो क्लेमची सूट आपल्याला मिळत नाही, हेही हिशेबात धरावे.

दोन सिलिंडरांचे गणित

हे यंत्र आपल्या ओळखीच्या दुचाकींपेक्षा वेगळे आहे. हार्ले डेव्हिडसनची सुरुवात १९०३ साली अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात झाली आणि १९०९ साली कंपनीने पहिले व्ही-ट्विन इंजिन बनवले. स्पोर्टस्टर हे नाव १९५७पासूनचे. भारतात या गाड्यांची विक्री २०१० साली सुरू झाली, २०११ साली हरियाणातल्या बावल येथे कारखाना निघाला, २०२० साली कंपनीने तो बंद करायचे ठरवले आणि त्याच वर्षी हीरो मोटोकॉर्पशी करार केला. जुनी गाडी घेणाऱ्याने हा इतिहास माहीत करून घ्यावा, कारण सुटे भाग कुठे मागायचे ते त्यावरून कळते.

व्ही-ट्विन म्हणजे इंग्रजी व्ही अक्षरासारखे तिरपे बसवलेले दोन सिलिंडर. आमच्या गाडीत त्यांच्यामध्ये ४५ अंशांचा कोन आहे. एकेक सिलिंडर सुमारे ४४१ सीसीचा, म्हणजे माझ्या ११० सीसीच्या स्कूटरची चार इंजिने एका सिलिंडरमध्ये मावतील. दोन्ही पिस्टन एकाच क्रँकपिनला जोडलेले असल्याने दोन स्फोटांमधले अंतर सारखे नसते. एकदा ३१५ अंशांनी स्फोट होतो, तर पुढच्या वेळी ४०५ अंशांनी. ज्या अडखळत्या धडधडीवर लोक जीव टाकतात, ती या विषम अंतरामुळे निर्माण होते.

पण त्याच रचनेमुळे गाडी थरथरते आणि थरथरीने नट-बोल्ट सैल होतात. इंजिन हवेने थंड होणारे आहे. मागच्या सिलिंडरला पुढच्याइतका वारा मिळत नाही, म्हणून शहरातल्या कोंडीत चालवणाऱ्याच्या मांड्या भाजून निघतात. शिवाय वजन सुमारे २५० किलो. पार्किंगमध्ये ती मागे ढकलताना पहिल्या दिवशी यांना घाम फुटला होता.

थांबणे, धावणे, दिसणे

गाडी घरी आली त्या रात्री पतींनी एक यादी केली. नवा सायलेन्सर, वेगळे हँडल, गोल आरसे, एलईडी दिवा, टाकीवर नक्षी. यादी वाचून मी म्हटले, ‘‘अहो, या सगळ्याने गाडी छान दिसेल. पण ती थांबेल कशाने?’’

मग मी वहीचे तीन भाग केले. पहिल्याला नाव दिले ‘थांबणे’, दुसऱ्याला ‘धावणे’, तिसऱ्याला ‘दिसणे’. पहिला भाग पुरा झाल्याशिवाय दुसऱ्यावर खर्च करायचा नाही आणि दुसरा पुरा झाल्याशिवाय तिसरा उघडायचा नाही. कोणतीही जुनी दुचाकी घेणाऱ्याला मी हाच क्रम सुचवीन.

‘थांबणे’मध्ये दोन नवी टायरे, ब्रेक पॅड आणि ब्रेकचे डॉट ४ तेल आले. हे तेल दर दोन वर्षांनी बदलायचे असते. त्यात पाणी मुरले की घाटात ब्रेक तापल्यावर त्याची वाफ होते आणि लिव्हर नुसता आत जातो. टायरांना २४,००० रुपये आणि ब्रेकच्या कामाला ७,००० रुपये लागले. आमच्या गाडीला एबीएस नाही. त्यामुळे टायर लावल्यावर पतींनी चार रविवार मोकळ्या मैदानावर फक्त ब्रेक लावण्याचा सराव केला. आयएसआय शिक्क्याची दोन हेल्मेटेही तेव्हाच घेतली. गाडीला आसन एकच होते, तरी हेल्मेटे दोन का, हे त्यांनी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही.

‘धावणे’मध्ये बॅटरीला ११,००० आणि तेल-फिल्टरला ८,००० रुपये गेले. या गाडीत इंजिनचे तेल वेगळे असते आणि क्लच व गिअरसाठी साधारण एक लिटर तेल वेगळे भरावे लागते. आत एक प्रायमरी चेन असते, तिचा ताण तपासावा लागतो. मागचे चाक मात्र साखळीवर फिरत नाही, दातेरी पट्ट्यावर फिरते. येझदीच्या सवयीने पती तेलाची पिचकारी घेऊन बसले होते, पण पट्ट्याला तेलाचा थेंबही चालत नाही. त्याचा ताण बघायचा आणि दातांत खडा अडकला नाही ना, ते पाहायचे. टॅपेट घट्ट करण्याचेही काम नसते, ते आपोआप जुळतात.

पाने मात्र नवे घ्यावे लागले. या गाडीचे बहुतेक बोल्ट इंचांच्या मापाचे असतात. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्यावर आपला तेराचा पाना बसल्यासारखा वाटतो, पण जोर लावला की निसटतो आणि बोल्टचे डोके गोल करून ठेवतो. जो गॅरेजवाला इंची पान्यांचा संच न दाखवता काम सुरू करतो, त्याच्याकडून गाडी परत आणावी.

‘‘वहिनी, तेल कमी आहे’’

आमच्या भागातल्या एका गॅरेजमध्ये हे काम झाले. कारागीर बुलेटच्या कामात मुरलेला, हाताचा चांगला. मी वही घेऊन स्टुलावर बसले की तो हसायचा.

एक दिवस त्याने थंड गाडीच्या तेलाची पट्टी काढून पाहिली आणि म्हणाला, ‘‘वहिनी, तेल कमी आहे. अर्धा लिटर टाकतो.’’

‘‘दादा, जरा थांबा. गाडी दोन आठवडे उभी होती. आधी चालवून गरम करा, मग पट्टी बघा,’’ मी म्हटले.

गाडीसोबत मिळालेले पुस्तक मी रोज दुपारी दोन-दोन पाने वाचत होते. या गाडीच्या तेलाची टाकी इंजिनपासून वेगळी असते. बरेच दिवस उभी राहिली की टाकीतले तेल हळूहळू खाली इंजिनात उतरते आणि पट्टीवर कमी दिसते. त्यावर आणखी ओतले तर इंजिन सुरू झाल्यावर जास्तीचे तेल एअर फिल्टरमध्ये फेकले जाते. कारागिराने गाडी फिरवून आणली, सपाट जागेवर लावून पुन्हा पट्टी काढली. तेल बरोबर खुणेवर होते.

तो काही बोलला नाही, पण त्यानंतर प्रत्येक कामाआधी विचारू लागला, ‘‘वहिनी, पुस्तकात काय लिहिलंय?’’ घरातली यंत्रे ही पुरुषांची बाब, असे आपण उगाच धरून चालतो. प्रेशर कुकरची शिट्टी आणि रबरी रिंग जिने आयुष्यभर सांभाळली, तिला तेलाची पट्टी अवघड का जावी?

सायलेन्सरचा प्रश्न

सहा महिन्यांनी ‘दिसणे’चे पान उघडले आणि सायलेन्सरचा विषय निघाला. अशा गाड्यांना मोठ्या आवाजाचे सायलेन्सर बसवण्याची फॅशन आहे. मी त्याची दोन अंगांनी माहिती काढली.

पहिले अंग यंत्राचे. नुसता सायलेन्सर बदलला की हवा आणि पेट्रोलचे प्रमाण बिघडते. पेट्रोल कमी पडून इंजिन आणखी तापते. त्याबरोबर एअर फिल्टर आणि इंधन सोडणाऱ्या संगणकाची मांडणीही बदलावी लागते, म्हणजे एका खर्चाचे तीन होतात. दुसरे अंग कायद्याचे. कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेविरुद्ध गाडीत फेरफार करता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये दिला. आवाज आणि धुराच्या मर्यादा ओलांडल्या तर २०१९च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. जप्त केलेले सायलेन्सर पोलीस रोडरोलरखाली चिरडत असल्याची छायाचित्रे आपण वर्तमानपत्रांत पाहतोच. शिवाय आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींना दुपारी जेमतेम तासभर झोप लागते.

मी एवढे सगळे सांगून वही त्यांच्यापुढे ठेवली आणि स्वयंपाकघरात गेले. निर्णय त्यांनी घ्यावा असे मला वाटत होते. दुसऱ्या दिवशी वही उघडली तेव्हा ‘सायलेन्सर’ या शब्दावर आडवी रेघ होती. खाली त्यांच्या अक्षरात लिहिले होते, ‘मागचे शॉक अॅब्झॉर्बर. मागचे आसन आणि पायदाने. हिच्यासाठी.’

त्यांच्या पहिल्या यादीत माझ्यासाठी जागा नव्हती, हे मी कधी बोलून दाखवले नव्हते. नोकरी सुटल्यावर माणसाला थोडे एकटे हिंडावेसे वाटत असेल, अशी मी मनाची समजूत घातली होती. त्या रेघेने ती समजूत पुसली गेली.

आरसीवर आसनसंख्या दोन आहे याची आम्ही आधी खात्री करून घेतली. ती एक असेल तर मागे कुणाला बसवू नये. या ठेंगण्या गाडीचे मागचे शॉक फार कमी दबतात. लांब, सपाट रस्त्यांना ते ठीक, पण गतिरोधकांवर पाठीला हिसका बसतो. चांगल्या अवस्थेतले जरा उंच शॉक १८,००० रुपयांना मिळाले, आसन आणि पायदानांना २२,००० लागले. दोघे बसायचे असेल तेव्हा शॉकच्या स्प्रिंगचा ताण वाढवायचा असतो, तो आता मीच वाढवते. वहीत एकूण बेरीज झाली नव्वद हजार. दहा हजार शिल्लक राहिले, ते अडीनडीला ठेवले.

पहिली फेरी आम्ही दिंडोरीला, माझ्या माहेरी केली. ब्याऐंशी वर्षांची माझी आई काठी टेकत अंगणात आली. एवढी मोठी काळी गाडी, तिची धडधड, हँडलला बांधलेले हार, तिने कशाचेच नवल केले नाही. ती गाडीला वळसा घालून मागे गेली आणि जावयाला म्हणाली, ‘‘टायर नवं आहे ना?’’

‘‘दोन्ही नवी आहेत, आई. आधी तीच घातली,’’ ते म्हणाले.

आईने मान हलवली आणि चहा टाकायला आत गेली.

रविवारची पंधरा मिनिटे

आता गाडीची देखभाल घरच्या कामांसारखीच अंगवळणी पडली आहे. दर रविवारी पंधरा मिनिटे पुरतात. आधी दोन्ही टायरांची हवा, तीही गाडी थंड असताना. मग ब्रेकचा लिव्हर दाबून पाहणे, दिवे पाहणे. त्यानंतर आरसे, पायदाने, नंबरप्लेट आणि सायलेन्सरच्या पट्ट्या हाताने हलवून बघायच्या. जे हलेल ते घट्ट करायचे आणि पुन्हा सैल होऊ नये म्हणून बोल्टच्या आट्यांना निळा चिकट द्रव लावायचा. धुताना पाण्याचा जोरदार फवारा चाकाच्या बेअरिंगवर आणि एअर फिल्टरवर मारायचा नाही.

सर्व्हिसिंग दर ८,००० किलोमीटरला सांगितले आहे, पण आमची गाडी वर्षात तेवढी चालत नाही, म्हणून तेल आम्ही वर्षाला बदलतो. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असते आणि इथेनॉल ओलावा धरते. त्यामुळे गाडी महिनोन् महिने उभी ठेवायची नाही आणि इंधनाच्या रबरी नळ्या दरवर्षी तपासायच्या. तेलाचा फिल्टर, क्लचची केबल, ब्रेक पॅड आणि चार फ्यूज घरात आणून ठेवले आहेत, कारण गरजेच्या दिवशी असे भाग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाहीत. गाडी बंद केल्यावर तासभर तरी लहान मुलांना तिच्या उजव्या बाजूला जाऊ द्यायचे नाही, तिथे सायलेन्सर तापलेला असतो.

‘दिसणे’च्या पानावर आजही गोल आरसे आणि टाकीवरची नक्षी तशीच लिहिलेली आहे. मुलगी सुटीत घरी आली की विचारते, ‘‘बाबा, नक्षी कधी?’’ ते माझ्याकडे बोट दाखवतात, मी वहीकडे. सध्या वहीच्या शेवटच्या पानावर एकच मोठा खर्च आहे. २०२८ साली गाडीला पंधरा वर्षे पुरी होतील आणि नोंदणीचे नूतनीकरण करावे लागेल. त्याआधी गाडीची तपासणी होईल, टायरेही पुन्हा बदलायला येतील. त्यासाठी दरमहा पाचशे रुपये बाजूला टाकायला आम्ही सुरुवात केली आहे.